जेवणाची हाक

तांबेमामा, नाक्यावर तुमचा बॅनर लागलाय. वर मोठ्या अक्षरांत 'प्राणिमित्र हरपला', खाली तुमचा तो ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात तुम्ही फोटोवाल्यावरच डाफरताय असं वाटतं, आणि बाजूला कुठूनतरी उचललेलं एक गुबगुबीत विलायती पिल्लू. तसलं पिल्लू तुमच्या दारात कधी फिरकलंसुद्धा नाही. तुम्ही असता तर बॅनरखाली उभं राहून म्हणाला असता, "हा कोणाचा गो? आपल्या गल्लीतला नाय."

'प्राणिमित्र' तुम्हाला चाललंच नसतं. जनावरांच्या दवाखान्यात आयुष्यभर ड्रेसरचं काम केलं, निवृत्त झाल्यावर चाळीतल्या नऊ कुत्र्यांच्या जखमा बांधत राहिला, स्वतःच्या भाताआधी त्यांचा भात लावला. पण कुणी प्रेम-बिम म्हटलं की तुमचं तोंड कडू व्हायचं. "प्रेम कसलं? सवय हाय," म्हणायचा आणि विषय संपवायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे तुमच्याविषयी बोलले. चांगलं बोलले. मग तुमच्या मुलाने माईक माझ्या हातात दिला. म्हणाला, "मनीषाताई, तुम्ही बोला, तुम्ही त्यांच्या शिष्या." मी उभी राहिले, "मामांनी मला खूप शिकवलं" एवढं म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. भरून आलं होतंच. पण बसले ती त्यामुळे नाही. आदल्याच दिवशी, शनिवारी, तुमच्या चाळीच्या चौकात मी जे केलं होतं ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींसमोर उभं राहून तुमचं कौतुक करायला मला तोंड नव्हतं. तेव्हा जे सांगितलं नाही ते आता तुम्हालाच सांगते.

आधी आपलं भांडण. आपली ओळखच भांडणाने झाली. मी लॅबची पोरगी, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारी. शेजारच्या गल्लीत राहून तुमच्या तिसऱ्या मजल्यावर कधी आले नव्हते. त्या दिवशी तुमचा नंबर यादीत होता. दारात गॅलरीभर ऐसपैस पसरलेली तांबडी कुत्री, तिला ओलांडून मी आत आले, तुमच्या दंडाला पट्टा बांधला आणि सवयीने म्हटलं, "काही नाही काका, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

तुम्ही हात मागे घेतला. "मुंगी कधी चावलीय काय तुला?"

"म्हणजे थोडंसंच दुखेल."

"मग दुखेल म्हण. मी काय पळून जाणार हाय?"

मला राग आला. सकाळपासून अकरा घरं झाली होती. मी म्हटलं, "काका, लोकांना धीर द्यायला बोलतो आम्ही." तुम्ही म्हणालात, "धीर देत नाय, फसवतेस." मी सुई घातली, तुम्ही हूं की चूं केलं नाही, आणि कापूस दाबून धरत म्हणालात, "हात चांगला हाय तुझा. तोंड वाईट हाय." त्याच रविवारी तुमच्या निरोपावरून मी एक लंगडा कुत्रा धरायला आले. त्याला आठ वर्षं झाली.

तुम्ही शिकवलं तसं मला कुणी शिकवलं नाही. किडे पडलेल्या जखमेत तेल सोडून थांबायचं कसं, कुत्र्याच्या तोंडासमोर तोंड न करता अंग वळवून बसायचं कसं, मूठ उलटी करून हुंगू द्यायची कशी. चुकले की "माणसाचं रक्त काढून काढून बधिर झालीस" असं ऐकायचं, आणि नीट जमलं की काहीच ऐकायचं नाही. गप्प राहणं हे तुमचं शाबासकी देणं होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

कुत्र्यांना तुम्ही नावं ठेवली नाहीत. "नाव कशाला, पत्ता पाहिजे," म्हणायचा. जे जिथे झोपतं ती जागाच त्याची ओळख. टाकीखालचा, मीटरवाली, जिनेवाला, संडासामागचे दोघे भाऊ. आणि तुमच्या दारातली ती तांबडी, गॅलरीवाली. नऊच्या नऊ अशीच. उन्हाळ्यात खालच्या गिरणीत मसाले कांडायला लागले की सगळ्या पत्त्यांवरून एकदम शिंका यायच्या आणि तुम्ही पोट धरून हसायचा.

पण तुमचा एक नियम होता आणि त्यावरून आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही टोपावर डाव आपटायचा आणि कठड्यावरून हाक द्यायचा, "या मंडळी, याऽऽ, जेवायला याऽऽ!" पंगतीला बोलवावं तसं. नऊही कुत्री असतील तिथून सुटायची. त्या हाकेने त्यांना दुसऱ्या कुठल्याही कामाला कधीच बोलवायचं नाही. रेबीजची सुई असली की आपण सिरिंज खिशात घालून एकेकीच्या पत्त्यावर जायचं, बसायचं, तिने येऊ दिलं तर टोचायचं, नाहीतर पुढच्या रविवारी. नऊ कुत्र्यांना तीन-तीन रविवार जायचे. माझ्या घरी शिव्या बसायच्या.

एकदा मी तडकले. "मामा, एक हाक मारा, नऊही येतील, अर्ध्या तासात मोकळे. त्यांच्या भल्यासाठीच आहे ना?"

"हाक जेवायला हाय. सुई घेऊन आपण जायचं."

"त्यांना काय कळतंय शब्द पाळला का मोडला?"

तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलं. "त्यांना नसंल कळत," म्हणालात. "तुला कळतंय ना?"

मला ते पटलं नव्हतं. मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे. ते भांडण तिथेच राहिलं.

मग तुमचे पाय सुजले, मूत्रपिंडाचं निघालं, आणि तुम्हाला ॲडमिट केलं. चाळ तोवर जवळजवळ रिकामी झालेली. टॉवर होणार म्हणून लोक एकेक करून भाड्याच्या जागांमध्ये निघून गेले होते, तिसऱ्या मजल्यावर तुम्ही आणि गॅलरीवाली एवढेच उरला होता. मी तुमचा टोप घेऊन चौकात उभी राहायचे, डाव आपटायचे, हाक मारायचे. एक फिरकत नव्हतं. दोन दिवस भात तसाच फेकला. तिसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझा फोन मागितला.

"ह्याच्यात आवाज भरता येतो ना? भर."

वॉर्डात चाळीस माणसं. तुम्ही उशीला टेकून बसलात, श्वास गोळा केलात आणि गॅलरीत उभे असल्यासारखी हाक दिलीत. पलीकडच्या कॉटवरचा माणूस दचकून उठला. सिस्टर ओरडत आली, "अहो आजोबा, हळू! पेशंट आहेत इथे!" तुम्ही खोकलात, आणि मग मला विचारलंत, "झालं काय गो?" ते सगळंच त्यात भरलं गेलं. हाक, खोकला, सिस्टर, आणि शेवटी तुमचं ते विचारणं.

फोन परत देताना तुम्ही तो लगेच सोडला नाहीत. "फक्त जेवायला वाजव. दुसऱ्या कशाला नको."

"हो मामा."

"असं नाय. तोंडाने बोल."

"फक्त जेवायला वाजवीन," मी म्हटलं. घाईत होते, खाली रिक्षा थांबवली होती.

त्या संध्याकाळी मी चौकात फोन वर धरून आवाज पूर्ण सोडला, आणि नऊही आली. गॅलरीवाली तीन मजले धडधडत उतरली, माझ्याभोवती फिरली, जिन्याकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं, आणि मग जेवली. मी रोज हाक संपली की लगेच बटण दाबायचे. तुमचा खोकला त्यांना ऐकवायची माझी तयारी नव्हती. आठ दिवसांनी तुम्ही गेलात, तरी मी पाच वाजता वाजवत राहिले. मेलेल्या माणसाच्या आवाजाने कुत्री जेवत होती. अंगावर काटा यायचा, पण ती जेवत होती, आणि तुम्ही त्याची परवानगी देऊन ठेवली होती.

मग पत्रे यायचे ठरले. चाळीभोवती पत्र्यांचं कुंपण घालून आठ-दहा दिवसांत पाडायचं मशीन लावणार, म्हणजे त्याआधी कुत्री बाहेर काढायला हवी. आमच्या चाळीच्या कमिटीच्या मी मागे लागले. मागच्या बोळात त्यांना राहू द्या म्हटलं. कमिटीचे रेडकरकाका म्हणाले, "सुया टोचून आण, कागद दाखव, मग बघू." लस देणारी गाडी महत्प्रयासाने मिळाली, शनिवारी दुपारी. गाडीतून तीन पोरं उतरली, हातात जाळी.

"मॅडम, अर्ध्या तासात होत असेल तर बोला. पुढे अँटॉप हिलला दहा डॉग आहेत," त्यांच्यातला मोठा म्हणाला.

"अर्ध्या तासात कसं होणार? ती सगळी चाळभर पांगलेली आहेत."

"मग नेक्स्ट मंथ बघू ना."

नेक्स्ट मंथला चाळच नसणार होती. मी चौकात उभी राहिले. भर दुपारी तीनचं ऊन, रिकाम्या खोल्यांची उघडी दारं. मामा, मला दुसरं सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. एकेकीच्या पत्त्यावर जाता आलं असतं, गाडीवाल्याच्या पाया पडून आणखी एक तास मागता आला असता. पण मी दमले होते आणि उपाय माझ्या पर्समध्येच होता. मी फोन काढला आणि हाक वाजवली.

"या मंडळी, याऽऽ, जेवायला याऽऽ!"

अवेळी होती तरी आली. टाकीखालचा शेपटी हलवत, अंग घुसळत आला आणि त्याच्यावरच पहिली जाळी पडली. संडासामागचे दोघे एकत्र सापडले. मीटरवालीला मी स्वतः धरलं, कारण माझ्याजवळ ती येते. माझे दोन्ही हात तिच्यात अडकलेले, फोन खाली फरशीवर पडलेला, आणि बटण दाबायला कुणी नाही. त्या गोंधळात, किंकाळ्यांत, फरशीवरून तुमचा खोकला ऐकू आला. सिस्टर ओरडली. आणि तुम्ही विचारलंत, "झालं काय गो?"

मीटरवालीची धडपड थांबली. माझ्या हातांतूनच तिने फोनकडे कान केला. तिच्या मानेत सुई शिरली तेव्हा ती तुमचं ऐकत होती.

"मस्त आयडिया मॅडम," तो पोरगा म्हणाला. "एकदम वीस मिनिटांत काम."

आठ झाली. नववी जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत उतरली होती. गॅलरीवाली. तिने सगळं पाहिलं होतं. मी वर बघितलं तेव्हा ती वळली आणि सावकाश, एकेक पायरी, वर निघून गेली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुझ्यासाठीच करतेय, अगं तुझ्याचसाठी! हेच मी रोज अकरा घरी सांगते.

त्या संध्याकाळी पाच वाजता भात घेऊन गेले आणि हाक वाजवली. टाकीखालचा समोरच होता. तुमचा पहिला शब्द ऐकला आणि तो पळाला. शेपूट पोटात घालून, पत्र्यांच्या ढिगाऱ्याला धडकत पळाला. मीटरवाली त्याच्या मागे. मामा, तुमच्या आवाजाला कुत्री पळाली. तुम्ही इतक्या वर्षांत कमावलेलं मी वीस मिनिटांत घालवलं, तेही तुमच्याच तोंडून. मी चौकात बसून रडले आणि दुसऱ्या दिवशी विहारात जाऊन तुमच्या फोटोला फूल वाहिलं.

पुढचे आठ दिवस मी लॅबमधून अर्धी रजा काढली. फोन घरी ठेवून जायचे. पत्त्यावर जायचे, अंग वळवून बसायचे, मूठ उलटी करायचे. पहिले दोन दिवस कुणी दहा फुटांच्या आत आलं नाही. तिसऱ्या दिवशी जिनेवाला आला, कारण तो मुळात हावरट. त्याला बोळात आणलं. मग भाऊ आले. मीटरवालीला पाच दिवस लागले. पत्ते मोडत चालले होते. टाकी फोडली, मीटरची पेटी काढून नेली. कुत्री मात्र जागा सोडत नव्हती. वॉचमन म्हणायचा, "मॅडम, आप रोज आके बैठती हो, डॉग लोग हँसते होंगे." हसली असती तरी चाललं असतं.

शेवटी गॅलरीवाली राहिली. रविवारी वॉचमनने सांगितलं, "कल सुबह मशीन आयेगा, आज लेके जाओ." मी तिसऱ्या मजल्यावर गेले. तुमच्या खोलीचं दार चौकटीसकट काढून नेलेलं. भिंतीवर जिथे बाबासाहेबांची तसबीर होती तिथे फिका चौकोन. बाहेर, तिच्या जागेवर, ती. मी तिच्यापासून लांब बसले. दुपारी बारापासून चारपर्यंत बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. आत बघत होती. आणि मला, शरम वाटते पण सांगते, दोनदा वाटून गेलं की तुम्ही आत आहात, कुठल्याही क्षणी खोकाल. तिच्या बघण्यावर विश्वास ठेवायचा तर तुम्ही होताच.

चार वाजता मी उठले. तिला म्हटलं, "बाई, मी तुला उचलणार आहे. तुला आवडणार नाही. दुसरा मार्ग नाही." चादर टाकली आणि उचललं. तिने माझ्या हाताचा लचका तोडला. मी सोडलं नाही. तीन मजले उतरले, रक्त ठिबकतंय, ती चादरीत ओरडतेय, वॉचमन "अरे बाप रे" करत पुढे धावतोय. बोळात आणून सोडलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली. मलाही आता सुया चालू आहेत. दुखतं.

सोमवारी मशीन लागलं. दिवसभर धूळ येत होती. आठ कुत्री बोळात घोळका करून होती, गॅलरीवाली भिंतीशी एकटी; रेडकरकाका आठांचे कागद बघून, नववीकडे बघत नाक मुरडून गेले. आता कुत्र्यांना काय म्हणावं मला कळत नाही. टाकी नाही, मीटर नाही, जिना नाही, गॅलरी नाही, तरी मी तीच नावं घेते.

तुमची हाक अजून फोनमध्ये आहे. ती ऐकवत नाही आणि पुसवतही नाही. तुमच्या मुलाने मागितली, "बाबांचा आवाज आहे म्हणे तुमच्याकडे." मी म्हटलं, पाठवते. अजून पाठवलेली नाही. त्यात त्याच्या बापाचा आवाज आहे, आणि मला ऐकू येतात ती जाळीतली कुत्री.

ते भांडण तुम्ही जिंकलात मामा. तुम्ही समोर असता तर मी हे कबूल केलं नसतं. वाद घातला असता की आठांचे जीव वाचले, कागद मिळाला, बोळ मिळाला, मग माझं चुकलं कुठे? आणि तुम्ही नुसतं बघितलं असतं. आता तेवढं बघणारंही कुणी नाही, म्हणून माझा माझ्याशीच वाद चालतो, रोज, भात निवत असताना.

गॅलरीवालीने दोन दिवस अन्न घेतलं नाही. मी थाळी ठेवायचे, लांब जायचे, ती तोंड फिरवायची. काल मी हाक न मारता थाळी ठेवली आणि उठायचंच विसरले. बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती उठली, माझ्या बँडेजला हुंगलं, आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, जेवली. सगळं संपवलं. मामा, तिने जे पाहिलं ते पाहूनही ती माझ्या हातचं जेवली. तुम्ही जेवला असता का, हे मला आता कधीच कळणार नाही.